टीएचडीचे टक्के आणि आपले कान: नवख्यांसाठी मार्गदर्शक

बेळगावात नवा अ‍ॅम्प्लिफायर घ्यायला निघालेला माणूस हल्ली दुकानात जाण्याआधी मोबाइलवर स्पेसिफिकेशन वाचून घेतो आणि एका आकड्यापाशी अडतो. एका सेटवर टीएचडी (टोटल हार्मोनिक डिस्टॉर्शन, म्हणजे यंत्राने मूळ आवाजात घातलेली भेसळ किंवा विकृती) ०.१ टक्का लिहिलेली असते, दुसऱ्यावर ०.००३ टक्के, आणि दुसऱ्याची किंमत दुप्पट. शून्यं जास्त म्हणजे आवाज जास्त स्वच्छ, असं वाटणं साहजिक आहे. निपाणी-खानापूरकडच्या भजनी मंडळांतली, गणेश मंडळांतली पोरं सेट घेताना हाच प्रश्न विचारतात.

माझं मत आधीच सांगतो. हा आकडा एकटा घेतला तर फार थोडं सांगतो. विकृती कोणत्या जातीची, आवाजाच्या कोणत्या पातळीला, कोणत्या सुरावर, यावर ती कानाला कळणार की नाही ते ठरतं. आणि ते ज्याचं त्याला घरबसल्या, फुकटात तपासता येतं. पुढे त्याच्याच पायऱ्या आहेत. गणित फक्त एका पायरीत आहे आणि तेही तोंडी होण्यासारखं.

पायरी १: हार्मोनिक आधी तंबोऱ्यावर ऐका

यंत्राकडे जाण्याआधी तंबोऱ्याकडे या. आपल्या भागात तो मिळणं अवघड नाही. मिरज इथून जवळ आहे, आणि भजनाला किंवा गाण्याच्या क्लासला जाणाऱ्या कुणाच्या तरी घरी मिरजेचा तंबोरा असतोच.

खर्जाची तार छेडा. स्वर काळी एकचा (पेटीची पहिली काळी पट्टी) असेल तर ही तार साधारण ६९ हर्ट्झला, म्हणजे सेकंदाला ६९ वेळा, कंप पावते. पण ती एकाच वेळी त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट, पाचपट वेगानेही कंप पावत असते. हेच तिचे हार्मोनिक. दुप्पट म्हणजे वरच्या सप्तकातला सा, तिप्पट म्हणजे त्याच्या वरचा पंचम, चौपट पुन्हा सा, आणि पाचपट म्हणजे गंधार. तंबोऱ्यात ग कुणी लावलेला नसतो, तरी चांगल्या जुळलेल्या तंबोऱ्यातून तो आपोआप उमटतो. गवई त्याला स्वयंभू गंधार म्हणतात. सातवा हार्मोनिक मात्र कोमल निषादाच्या जरा खाली पडतो, आपल्या कुठल्याच नेमक्या सुरावर बसत नाही. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता तारेच्या बरोबर मध्यावर बोटाचा हलका स्पर्श ठेवून छेडा. मूळ सा दबतो आणि वरचा सा मोकळा ऐकू येतो. तारेच्या एक तृतीयांश अंतरावर स्पर्श केला की पंचम, एक पंचमांशावर केला की गंधार. शेवटी घोडीवरचा जवारीचा दोरा सरकवून बघा. तार तीच, खुंटी तीच, पण हार्मोनिकचं प्रमाण बदललं की सगळा तंबोरा मिटल्यासारखा होतो किंवा एकदम उघडतो.

अ‍ॅम्प्लिफायर किंवा स्पीकर विकृती घालतो तेव्हा नेमकं हेच करतो. आत गेलेल्या सुराचे दुप्पट, तिप्पट, पाचपट सूर तो स्वतःच्या खिशातून मिसळतो. मूळ सुराच्या मानाने या सगळ्या भेसळीची एकत्र बेरीज किती, ते टक्क्यांत मांडलं की ती टीएचडी.

यातून एक गोष्ट लगेच कळते. गाण्यातला प्रत्येक सूर स्वतःचे हार्मोनिक घेऊनच येतो, तेही पाच-दहा टक्के नव्हे, कित्येकदा मूळ सुराच्या बरोबरीने. त्यात यंत्राने दुसऱ्या हार्मोनिकची अर्धा टक्का भर घातली तर ती आधीच भरलेल्या जागी जाऊन बसते. म्हणून व्हॉल्व्हचे, म्हणजे ट्रान्झिस्टरऐवजी काचेच्या नळ्यांवर चालणारे, अ‍ॅम्प्लिफायर एक-दोन टक्के विकृती देऊनही अनेकांना गोड लागतात. त्यांच्यात दुसऱ्या हार्मोनिकचा वाटा मोठा असतो.

पायरी २: टक्के डेसिबलमध्ये बदला

कान टक्के मोजत नाही. आवाजाचं माप डेसिबलमध्ये सांगतात, म्हणून एवढं पाठ करा. १० टक्के म्हणजे मूळ सुराच्या २० डेसिबल खाली. १ टक्का म्हणजे ४० डेसिबल खाली. ०.१ टक्का म्हणजे ६०, ०.०१ म्हणजे ८०, आणि ०.००१ म्हणजे १०० डेसिबल खाली. मधला ३ टक्क्यांचा आकडा सुमारे ३० डेसिबल खाली येतो.

आता आपल्या घराचा विचार करा. बैठकीच्या खोलीत मन लावून ऐकतो तेव्हा आवाज साधारण ७५ ते ८० डेसिबलचा असतो. ०.१ टक्का विकृती त्याच्या ६० डेसिबल खाली, म्हणजे १५ ते २० डेसिबलवर. उन्हाळ्यात डोक्यावर पंखा फिरत असतो, तो एकटाच ४५-५० डेसिबल करतो. शहापूर-वडगावात भिंतीपलीकडे माग चालू असेल तर विचारूच नका. त्या गोंधळाखाली १५ डेसिबलचा सूर सापडणं कठीण. ०.००३ टक्के तर सुमारे ९० डेसिबल खाली जातात, म्हणजे आपल्या खोलीत ऐकू येण्याच्या सीमेच्याही पलीकडे.

पायरी ३: कान काय झाकतो ते समजून घ्या

मोठा सूर शेजारच्या लहान सुराला झाकतो, हे सगळ्यांना अनुभवाने माहीत आहे. कमी माहीत असलेली गोष्ट ही की हे झाकणं दोन्ही बाजूंना सारखं नसतं. मोठा सूर आपल्या वरच्या सुरांना जास्त झाकतो, खालच्यांना कमी. आणि आवाज जितका मोठा, तितकं हे झाकण वरच्या अंगाला लांब पसरतं.

हार्मोनिक नेहमी वरच असतात. दुसरा आणि तिसरा मूळ सुराच्या जवळ, म्हणून ते चांगले झाकले जातात. सातवा, नववा, अकरावा लांब पडतात आणि झाकणाबाहेर उघडे राहतात. त्यात ते बहुतेक वेळा २ ते ५ किलोहर्ट्झच्या पट्ट्यात येतात, जिथे माणसाचा कान सर्वांत तिखट असतो. म्हणून १ टक्का दुसरा हार्मोनिक पुष्कळांना कळतही नाही, आणि ०.१ टक्का वरच्या नंबरांचे हार्मोनिक कानाला टोचतात.

हे काही आजचं शहाणपण नाही. बीबीसीतले डी. ई. एल. शॉर्टर यांनी १९५० मध्येच सुचवलं होतं की प्रत्येक हार्मोनिकला त्याच्या नंबराच्या वर्गाच्या प्रमाणात वजन द्यावं, म्हणजे नंबराचा वर्ग भागिले ४. या हिशेबात दुसऱ्याचं वजन १, चौथ्याचं ४, सातव्याचं सुमारे १२ आणि दहाव्याचं २५ होतं. पुढे २००३ मध्ये अर्ल गेडेस आणि लिडिया ली यांनी ऐकणाऱ्यांच्या चाचण्या घेऊन दाखवलं की नुसता टीएचडीचा आकडा आणि लोकांना आवाज किती वाईट वाटला याचा मेळ जवळपास बसतच नाही. तरी डब्यावर तोच आकडा छापला जातो, कारण तो मोजायला सोपा आहे.

आणखी एक. १० किलोहर्ट्झच्या सुराचा दुसरा हार्मोनिक २० किलोहर्ट्झ, तिसरा ३०. हे माणसाला ऐकूच येत नाहीत. त्यामुळे फार वरच्या सुरावर मोजलेली टीएचडी हार्मोनिक म्हणून तुम्हाला त्रास देत नाही. त्रास देते तिची जुळी बहीण, इंटरमॉड्युलेशन. दोन सूर एकत्र गेले की यंत्र त्यांच्या बेरजेचे आणि वजाबाकीचे सूर तयार करतं, आणि वजाबाकीचे सूर खाली, झाकण नसलेल्या जागी येतात. तंबोरा, संवादिनी आणि गळा एकत्र चालू असताना एक गढूळपणा येतो आणि एकेकटं वाजवलं की तो नाहीसा होतो, तो बहुतेक वेळा हाच.

पायरी ४: आता स्वतः ऐकून बघा

ही सगळ्यांत महत्त्वाची पायरी. घाई करू नका, एक निवांत रात्र काढा.

लागणाऱ्या वस्तू: संगणक, ऑडॅसिटी नावाचं मोफत सॉफ्टवेअर आणि वायरचे बरे इयरफोन. मोबाइलच्या स्वतःच्या स्पीकरवर हा प्रयोग करू नका, तो आधीच इतकी विकृती घालतो की तुमची भर त्यात हरवून जाईल.

आवाज आधी कमी ठेवा. शुद्ध सूर कानाला वाटतो त्यापेक्षा जास्त जोर लावतो.

ऑडॅसिटीत जनरेट मेनूमधून टोन निवडा. साइन वेव्ह, ४४० हर्ट्झ, अ‍ॅम्प्लिट्यूड ०.५, लांबी पाच सेकंद. हा मूळ सूर, त्याची फाइल वेगळी साठवा. मग दुसऱ्या ट्रॅकवर ८८० हर्ट्झचा सूर घाला, अ‍ॅम्प्लिट्यूड ०.०५. हे झालं १० टक्के दुसरं हार्मोनिक. दोन्ही ट्रॅक एकत्र करून फाइल साठवा. असंच ०.०१५ घेऊन ३ टक्क्यांची, ०.००५ घेऊन १ टक्क्याची आणि ०.००१५ घेऊन ०.३ टक्क्याची फाइल बनवा.

नवखे इथे एक शॉर्टकट मारतात: ट्रॅक चालू असताना हार्मोनिकचा ट्रॅक म्यूट-अनम्यूट करतात. त्यात सूर एकदम सुरू झाल्याचा झटका कानाला लगेच सापडतो आणि विकृती जास्त ऐकू येते असं वाटतं. म्हणून वेगवेगळ्या फाइलीच बनवा.

१० टक्के सगळ्यांना कळतील. सूर जरा भरलेला, बासरीचा पेटीकडे झुकल्यासारखा वाटेल. ३ टक्केही बहुतेकांना कळतात. १ टक्क्यापाशी मात्र गंमत सुरू होते: कळतंय की कळल्यासारखं वाटतंय, हे सांगणं अवघड जातं.

मग ८८० च्या जागी ३०८० हर्ट्झ टाका, म्हणजे ४४० चा सातवा हार्मोनिक. तीच १ टक्क्याची फाइल, तीच ०.३ टक्क्याची. मूळ सुराच्या डोक्यावर एक बारीक शिट्टी वेगळीच बसलेली ऐकू येईल. टक्के तेच, पण ऐकण्यात जमीन-अस्मानाचा फरक. टीएचडीच्या आकड्यात मात्र या दोन्ही फाइली एकसारख्या दिसतात.

शेवटी खालचा सूर घ्या. मूळ ६० हर्ट्झ, त्यात एकदा १८० हर्ट्झ, म्हणजे तिसरा हार्मोनिक, आणि एकदा ४२० हर्ट्झ, म्हणजे सातवा. खालच्या सुरांना आपला कान मंद असतो आणि हार्मोनिक त्याच्या जास्त तिखट पट्ट्यात येतात. म्हणून एकट्या खर्जात विकृती लवकर कळते. पण ढोलकी, टाळ, गळा सगळं चालू असताना तीच विकृती बाकीच्या आवाजाखाली सहज लपते.

शुद्ध सुरांवर हात बसला की एखादं गाणं घ्या. इफेक्ट मेनूत डिस्टॉर्शन आहे, त्यात हार्ड क्लिपिंग आणि सॉफ्ट क्लिपिंग (लाटेचा माथा कापण्याचे दोन प्रकार) असे पर्याय सापडतील. हळूहळू वाढवत जा. एकट्या गळ्याच्या संथ आलापीवर विकृती आधी कळते, टाळ-मृदंगाच्या गजरात फार उशिरा. टाळाचा आवाजच इतका वरच्या सुरांनी भरलेला असतो की त्यात आणखी चार सूर मिसळले तरी हिशेब लागत नाही.

पायरी ५: डोळे बाजूला ठेवा

फाइलीचं नाव दिसत असताना कान खोटं बोलतो. आपण सगळेच असे आहोत. म्हणून भावाला किंवा मैत्रिणीला बसवा, तिने नाणं उडवून फाइल निवडावी आणि तुम्ही न बघता ओळखावं. विंडोजवर फूबार २००० या प्लेअरला एबीएक्सची जोड मिळते, ती हेच काम करते.

दहा वेळा ओळखा. ७ बरोबर आले म्हणून निकाल लावू नका. नुसत्या अंदाजाने ७ किंवा अधिक बरोबर येण्याची शक्यता सुमारे १७ टक्के असते. ९ किंवा अधिक आले तर मात्र ती शक्यता सुमारे १ टक्क्यावर येते, म्हणजे तुम्हाला खरंच ऐकू येतंय.

दोन अ‍ॅम्प्लिफायरची तुलना असेल तर आवाजाची पातळी तंतोतंत जुळवणं सगळ्यांत गरजेचं. अर्धा डेसिबल मोठा आवाज कानाला मोठा म्हणून कळत नाही, चांगला म्हणून कळतो. १०० हर्ट्झचा सूर लावून स्पीकरच्या टर्मिनलवर मल्टिमीटरने एसी व्होल्टेज बघा आणि दोन्हीकडे १ टक्क्याच्या आत आणा. हे केल्याशिवाय झालेली कुठलीही तुलना मी धरत नाही.

पायरी ६: खरे त्रासदायक प्रकार दोन

पहिला क्लिपिंग. अ‍ॅम्प्लिफायरला जितकं व्होल्टेज देता येतं त्यापेक्षा जास्त मागितलं की लाटेचा माथा सपाट कापला जातो. थोडं कापलं तर थोडी विकृती, पण ती सीमेपाशी एकदम उसळते. पूर्ण चौकोनी झालेल्या लाटेत तिसरा हार्मोनिक ३३ टक्के, पाचवा २० टक्के, सातवा १४ टक्के असतो आणि टीएचडी ४८ टक्क्यांवर जाते. जो अ‍ॅम्प्लिफायर डब्यावर ०.०१ टक्का म्हणतो, तोच क्लिप झाला की पलीकडच्या गल्लीत माणूस म्हणतो, "आवाज फाटालाय की रे त्यांचा."

दुसरा क्रॉसओव्हर विकृतीचा. हा चोरासारखा येतो. बऱ्याच अ‍ॅम्प्लिफायरमध्ये लाटेचा वरचा अर्धा भाग एक ट्रान्झिस्टर सांभाळतो आणि खालचा दुसरा. बायस, म्हणजे ट्रान्झिस्टर जागा ठेवणारा थोडासा प्रवाह, नीट लावलेला नसेल तर एकाकडून दुसऱ्याकडे जाताना लाट अडखळते. या अडखळण्याचं माप ठरलेलं असतं, आवाज कमी केला म्हणून ते कमी होत नाही. म्हणजे आवाज जितका हळू, तितकी विकृतीची टक्केवारी जास्त. आणि ती वरच्या नंबरांच्या हार्मोनिकची असते, नेमकी कानाला टोचणारी.

गल्लीतल्या कारागिराकडून जुळवून घेतलेल्या जुन्या सेटवर हे हमखास सापडतं. तपासायची पद्धत सोपी: रात्री सगळं शांत झाल्यावर अगदी हळू आवाजात एकटा तंबोरा लावा आणि छेडलेली तार विरत जाते तो शेवटचा तुकडा ऐका. तार विरता विरता बारीक खरखर घेऊन तुटली, आणि इयरफोनवर तोच तुकडा स्वच्छ विरला, तर बायसचा संशय घ्या. दुरुस्ती मात्र जाणकाराकडूनच करून घ्या. सेटच्या आत मेन्सचं व्होल्टेज असतं आणि प्लग काढल्यावरही कपॅसिटर भरलेले राहतात.

पायरी ७: मंडळाच्या सेटवर आवाज कुठे फाटतो ते शोधा

कार्तिकातली काकड आरती, गणपतीचे दिवस, हरिनाम सप्ताह: आपल्याकडे सेटवर खरा ताण पडतो तो इथे. आणि इथे फाटलेला आवाज बहुतेक वेळा अ‍ॅम्प्लिफायरच्या टीएचडीचा नसतोच.

एक प्रश्न सगळ्यात आधी विचारा: मास्टर व्हॉल्यूम खाली आणल्यावरही आवाज फाटतो का?

हो असेल तर दोष आधीच्या टप्प्यावर आहे. सगळ्यात जास्त वेळा दिसणारा प्रकार म्हणजे मोबाइलची वायर थेट माइकच्या सॉकेटमध्ये. माइकमधून येतात काही मिलिव्होल्ट, मोबाइल देतो एक व्होल्टाच्या आसपास. पहिल्याच टप्प्यावर लाट कापली जाते आणि पुढे मास्टर कितीही खाली आणा, कापलेला माथा परत जुळत नाही. वायर ऑक्सच्या, म्हणजे मोबाइल-प्लेअरसाठी असलेल्या, सॉकेटमध्ये लावा. ऑक्स नसेल तर मोबाइलचा आवाज अगदी कमी ठेवून सुरुवात करा.

मिक्सर असेल तर प्रत्येक चॅनलचा गेन (आत येणारा आवाज किती वाढवायचा ते) असा लावा: बुवांना तारसप्तकात पूर्ण जोराने एक ओळ म्हणायला सांगा, तांबडा दिवा लागेपर्यंत गेन वाढवा आणि मग तो लागायचा बंद होईल त्याच्या थोडा आणखी खाली आणा. बोलण्यावर गेन लावू नका. बोलण्याचा आवाज आणि अभंगाच्या शेवटची हाक यांत फार मोठं अंतर असतं. पखवाजाच्या तोंडाशी माइक टेकवून ठेवला तर माइक किंवा त्याचा पहिला टप्पाच भरून जातो. तो वीतभर मागे घ्या.

मास्टर खाली आणल्यावर आवाज साफ झाला, तर दोष अ‍ॅम्प्लिफायरच्या ताकदीचा किंवा स्पीकरचा. इथे विजेकडेही बघा. जुन्या, ट्रान्सफॉर्मरवाल्या सेटची ताकद मेन्सच्या व्होल्टेजच्या वर्गाने बदलते. २३० चे १९० झाले तर मिळणारी ताकद जवळपास एक तृतीयांशाने घटते आणि एरवी साफ चालणारा सेट त्याच खुणेवर क्लिप होऊ लागतो. लांब, बारीक एक्स्टेन्शन वायर हे त्याचं नेहमीचं कारण. जाड वायर घ्या, किंवा सेट मीटरजवळ ठेवून स्पीकरची वायर लांब न्या.

आवाज पुरत नाही म्हणून दुप्पट वॉटचा अ‍ॅम्प्लिफायर आणायचा विचार असेल तर थांबा. ताकद दुप्पट केली की फक्त ३ डेसिबल वाढतात. स्पीकर लोकांच्या डोक्यावरून उंच लावणं आणि भिंतीकडे तोंड न करणं यातून पुष्कळदा त्याहून जास्त मिळतं.

पायरी ८: पैसे कशावर घालायचे

सगळ्या साखळीत सर्वांत जास्त विकृती स्पीकर घालतो, आणि तोच आपली टीएचडी क्वचित छापतो. आवाज तोच ठेवून सूर एक सप्तक खाली आणला की शंकूला चौपट पुढे-मागे जावं लागतं. १०० हर्ट्झला आरामात चालणारा चार इंची स्पीकर ५० हर्ट्झला, तेवढ्याच आवाजात, चौपट धावतो, आणि तिथे त्याची विकृती काही टक्क्यांत, जोर लावला तर दहाच्या घरातही जाते. लहान स्पीकरमधून जोरदार बेस काढायचा हट्ट सोडला तर अर्धी विकृती तिथेच संपते.

स्पीकर आणल्यावर ४० पासून २०० हर्ट्झपर्यंत हळूहळू चढत जाणारा सूर मध्यम आवाजात लावून घरभर फिरा. शोकेसची काच, खिडकीचं तावदान, कपाटावरचे डबे, कुठलं तरी एक ठरावीक सुराला थरथरायला लागतं. लोक त्याला स्पीकर फाटला समजून बदलून आणतात. बोटाने दाबून बघा, आवाज थांबला तर दोष काचेचा.

अ‍ॅम्प्लिफायरच्या कागदावर टीएचडी दिसली की लगेच पुढचं वाचा: किती वॉटला, किती हर्ट्झला? फक्त १ किलोहर्ट्झला आणि सोयीच्या ताकदीला मोजलेला आकडा सगळ्यात सुंदर येतो. वॉटच्या आकड्याशेजारी १० टक्के टीएचडी लिहिलं असेल तर ते वॉट क्लिपिंगमध्ये जाऊन मोजलेले आहेत. १ टक्क्याला मिळणारी खरी ताकद त्याच्या चार-पंचमांश धरा. पीएमपीओचा, म्हणजे क्षणभराच्या शिखर ताकदीचा फुगवलेला, आकडा तर वाचूच नका.

घरच्या खोलीसाठी माझा ठोकताळा असा: २० ते २० हजार हर्ट्झच्या पूर्ण पट्ट्यात, सांगितलेल्या ताकदीच्या आत, टीएचडी ०.१ टक्क्याखाली असेल तर अ‍ॅम्प्लिफायरचा हा प्रश्न मिटला. पुढच्या शून्यांसाठी जादा पैसे देऊ नका. ते स्पीकरवर घाला, आणि ताकदीत थोडी मोकळीक ठेवा, कारण गाण्यातली शिखरं त्याच्या सरासरी आवाजापेक्षा सहज १५-२० डेसिबल वर जातात. २० डेसिबल म्हणजे शंभरपट ताकद. एरवी अर्ध्या वॉटवर चालणाऱ्या सेटला त्या क्षणी ५० वॉट लागतात.

आणि जुनं गाणं ऐकणाऱ्यांसाठी एक. बेळगावजवळच्या सुळेभावीत १९२४ साली जन्मलेल्या कुमार गंधर्वांचं, किंवा त्या पिढीतल्या कुणाचंही टेपवर झालेलं ध्वनिमुद्रण घ्या. टेपवर किती जोरात रेकॉर्ड करायचं याची कमाल पातळीच मुळी तिसरं हार्मोनिक ३ टक्क्यांना पोचतं तिथे धरलेली असे. म्हणजे तान वर चढते तेव्हाची एक-दोन टक्के विकृती त्या टेपमध्येच आहे. ०.००१ टक्क्याचा अ‍ॅम्प्लिफायर ती काढू शकत नाही आणि ०.०५ टक्क्याचा तीत कळण्यासारखी भर घालत नाही. असं ध्वनिमुद्रण दुकानात पेनड्राइव्हवर घेऊन जा, सोबत एकट्या तंबोऱ्याचा तुकडा आणि एक ४०-२०० हर्ट्झचा चढता सूर. दुकानदाराला दोन सेट एकाच स्पीकरवर लावायला सांगा, पातळी जुळवा, पाठ फिरवून ऐका. फरक कळला नाही तर स्वस्तातला घ्या.